चोरांच्या टोळीची फँटसी लिहायचीय? तिजोरी नंतर, आधी टोळी

हाइस्ट (टोळीने आखून केलेल्या मोठ्या चोरीची गोष्ट) लिहायला बसलेला जवळजवळ प्रत्येक माणूस आधी तिजोरी रंगवतो. सात दरवाजे, प्रत्येकावर वेगळा मंत्र, खाली उकळता लाव्हा, वर घिरट्या घालणारा कुठलातरी राक्षसी पक्षी, आणि हे सगळं थाटात उभं राहिलं की मग लक्षात येतं अरे हे फोडायला माणसं पण लागतील की, मग घाईघाईत पाच जणांची भरती होते, एक कुलूपवाला, एक मारामारीवाला, एक जादूवाला, एक गोडबोल्या आणि एक डोकेबाज लीडर. वाचणारा कंटाळतो तो इथेच. ज्याचं दार आलं तो पुढे येतो, उघडतो आणि परत गप्प. पाचातला एक काढून तिथे दुसरा बसवला तरी गोष्टीला काडीचा फरक पडत नाही.

म्हणून उलट्या बाजूने सुरू करा. आधी टोळी, त्या टोळीत कोणाचं कोणापाशी काय अडकलंय ते, आणि मग त्यांच्या मापाची तिजोरी, म्हंजे जिचा प्रत्येक अडथळा टोळीतल्या कुठल्यातरी दोघांच्या दुखऱ्या जागेवर नेमका बोट ठेवेल अशी. जादू, प्लॅन, ट्विस्ट, पळापळ हे सगळं त्यानंतर.

उदाहरणाला एक गोष्ट बनवलीय, तीच सगळीकडे वापरतो (आवडली तर ढापा, विषयच तो आहे). एका शहरात एक पेढी आहे, ती पैशाच्या बदल्यात लोकांची सावली गहाण ठेवून घेते. सावली गेलेला माणूस खातो-पितो, हिंडतो-फिरतो, फक्त त्याला झोप लागत नाही. कर्ज फिटेपर्यंत सावली पेढीच्या तळघरात, बाटलीत. आपल्या टोळीला त्या तळघरातून एक बाटली काढायचीय.

टोळीत आक्का ही म्होरकी. वस्ताद कुलूपं उघडतो, पण आता म्हातारा झालाय, बोटं थरथरतात आणि तो ते लपवतो. रेवा त्याची चेली, वेष बदलण्यात आणि थापा मारण्यात एक नंबर, कुलपातसुद्धा ती गुरूच्या पुढे गेलीय आणि हे तिला कळलंय पण ती बोलत नाही. सोनू सगळ्यात लहान, तो आजूबाजूचा आवाज गिळू शकतो. आणि दाजी, जो एके काळी त्याच पेढीवर कारकून होता.

आत्ता ही फक्त टीम झाली. टोळी व्हायला जोड्या लागतात. पाच माणसं म्हंजे दहा जोड्या होतात, सहा घेतलीत की पंधरा, सात घेतलीत की एकवीस, म्हणून पहिलीच कादंबरी असेल तर पाचाच्या वर जाऊच नका, सांभाळता सांभाळता तोंडाला फेस येतो. एक कागद घ्या, दहाच्या दहा जोड्या लिहा आणि प्रत्येकीपुढे दोनच गोष्टी टाका, यातलं कोण कोणाचं काय देणं लागतं आणि यातल्या एकाला काय माहीत नाहीये. आमच्या टोळीत आक्का आणि सोनू घ्या. सोनू लहान असताना त्याला सोडवून आणायला आक्काने स्वतःची सावली गहाण टाकली, त्याला याचा पत्ताच नाही. म्हणून ती झोपत नाही आणि दिवसाउजेडी बाहेर पडत नाही, बाकीच्यांना वाटतं म्होरकीची सवय आहे. आक्का आणि दाजी घ्या, तर ती नोंद वहीत दाजीनेच केलेली, स्वतःच्या अक्षरात. वस्ताद आणि रेवाचं वर सांगितलंच, त्यात अजून एक भर, पेढीच्या तळघराचं कुलूप वस्तादने तरुणपणी स्वतः घडवलंय आणि आयुष्यातलं सगळ्यात भारी काम म्हणून तो ते मिरवतो. झालं, एवढ्यात अर्धी कादंबरी आली. दहापैकी चार जोड्या खणखणीत असल्या की पुरे, उरलेल्या सहा नुसत्या माहीत असू द्या, लिहिताना आपोआप डोकावतात.

चोराच्या गोष्टीत नातं घुसवायची आयडिया काही आजची नाही. शूद्रकाच्या मृच्छकटिक या जुन्या संस्कृत नाटकात शर्विलक नावाचा चोर घर फोडायला येतो आणि भिंतीला भोक पाडण्याआधी ते कुठल्या आकाराचं पाडावं यावर विचार करत बसतो, उमललेलं कमळ, सूर्य, चंद्रकोर, भरलेला घडा असे प्रकार मोजतो, मापाची दोरी विसरलाय म्हणून जानव्यानेच माप घेतो. कारागिराचा तोरा बघायचा असेल तर हा सीन वाचाच. पण तो मनात राहतो पुढच्या भागामुळे. ही चोरी त्याने आपल्या प्रेयसीला, मदनिकेला दास्यातून सोडवायला केलेली असते आणि चोरलेले दागिने निघतात मदनिकेच्याच मालकिणीचे, वसंतसेनेचे. कसब आणि नातं एकाच वस्तूत येऊन अडकलं की चोरी नुसती चोरी राहत नाही.

घट्टपणा दाखवायचा कसा

'आपण सगळे एक कुटुंब आहोत' हे वाक्य कोणाच्याही तोंडी घालू नका, कोणाच्याच नाही, दारूच्या सीनमध्ये पण नाही. घट्ट टोळी ओळखू येते ती एकमेकांच्या सवयी न बोलता सांभाळण्यावरून. रेवा वस्तादला हत्यार देताना ते लांबून धरत नाही, त्याच्या तळहातावर टेकवते आणि क्षणभर आपला हात तिथेच ठेवते, म्हंजे थरथर बाकीच्यांना दिसू नये. एवढं एक वाक्य पहिल्या दोन प्रकरणांत कुठेतरी सहज टाका, खुलासा करू नका. तळघराच्या रात्री हेच हत्यार वस्ताद तिच्या तळहातावर टेकवतो तेव्हा वाचकाला काहीही समजावून सांगावं लागत नाही.

सुरुवातीला एक छोटी चोरी हवीच, आणि ती जमली पाहिजे. बरेच लोक पहिल्याच प्रकरणात टोळीचा पोपट करतात, थ्रिल येतं म्हणून, पण मग ही माणसं कामात हुशार आहेत हे वाचकाने कशावरून मानायचं? दहा-बारा पानांची सोपी चोरी घ्या, त्यात प्रत्येकाचं कसब दिसू द्या, कोण कोणाच्या आधी हलतं, कोण कोणाच्या नजरेवरून ओळखतं, कोण सारखं किरकिर करतं तरी वेळेवर हजर असतं. आणि शेवटी वाटपाचं छोटं भांडण. मोठ्या वाटपाची ती रंगीत तालीम असते.

बोलण्याकडे जास्त लक्ष द्या, मराठीत लिहिण्याचा खरा फायदा इथे उचलता येतो. कोण कोणाला अरे-तुरे करतं आणि कोण कोणाला अहो-जाहो, हे आधीच ठरवून टाका आणि काटेकोर पाळा. सोनू एकटाच आक्काला अगं-तुगं करतो, बाकी कोणाची टाप नाही. दाजीला सगळे अहो दाजी म्हणतात, मान म्हणून म्हणत असतील असं वाटतं पण खरं कारण म्हंजे तो अजून आतला झालेला नाही. मग ऐन धावपळीत रेवा मागून ओरडते "अरे दाजी, वाक!" आणि ती हाक नेमकी बसते, दाजी टोळीत आला. त्यावर कोणी काही बोलायची गरज नाही. टोळीचे स्वतःचे चार-पाच शब्द असू द्यात, पहारेकऱ्याला काय म्हणतात, पोबाऱ्याचा इशारा काय, बास एवढेच. पानापानावर नवीन शब्द आणि मागे शब्दसूची असं केलंत तर लोक पुस्तक ठेवून देतील.

माल

मालाबद्दल थोडक्यात. तो कशाचा बनलाय यापेक्षा तो उचलून नेताना काय अडचण होते हे जास्त कामाचं. १६७१ मध्ये थॉमस ब्लड नावाच्या माणसाने लंडनच्या टॉवरमधून राजघराण्याचे जडजवाहीर उचलायचा घाट घातला. पाद्र्याचा वेष करून आधी रखवालदाराच्या घरच्यांशी मैत्री केली, लग्नाच्या गोष्टीपर्यंत नेली, मग खरी वेळ आल्यावर मुकुट लपवता येईना म्हणून तो ठोकून चपटा केला, सोन्याचा गोळा एकाने विजारीत कोंबला, राजदंड लांब पडला म्हणून तो कापायला घेतला. पकडले गेले ते तिथेच, टॉवरच्या आवारात. (आणि तरी दुसऱ्या चार्ल्स राजाने ब्लडला माफ केलं, वर जमीनही दिली, हे फँटसीत लिहिलं असतं तर लोकांनी लॉजिक नाही म्हणून हाणलं असतं.)

तर तुमच्या मालाला अशी एखादी खोड द्या. आमची बाटली हलकी आहे, खिशात मावते, पण उजेड पडला की आतली सावली आपल्या मालकाच्या आकारात भिंतीवर उमटते. आत्ता फक्त नियम वाटतो हा, पण लक्षात ठेवा, पुढे लागणारे.

तिजोरी टोळीच्या मापाने

इथे मन लावून काम करा, कारण गाडी इथेच रुळावर येते किंवा घसरते. जोड्यांचा कागद समोर ठेवायचा आणि प्रत्येक अडथळ्याला विचारायचं, हा पार करायला कोणाला कोणासमोर काय कबूल करावं लागेल, सोडावं लागेल किंवा मागावं लागेल. उत्तर 'काहीच नाही, फक्त मंत्र म्हणायचा' असं आलं तर तो अडथळा कापा. कितीही सुंदर असला तरी कापा.

आमच्या पेढीच्या पहिल्या दारात एक तराजू आहे. आत शिरणाऱ्याने एक खरी गोष्ट सांगायची, आजवर कोणाला न सांगितलेली, तरच काटा हलतो. रेवा थापाडी, तिच्यासाठी हे दार म्हंजे शिक्षा. शेजारी वेष बदलून वस्ताद उभा. काय बोलणार ती? "मला माझ्या गुरूपेक्षा चांगलं येतं." काटा हलतो. वस्ताद ऐकतो, चेहरा सरळ ठेवतो कारण वेष सांभाळायचाय, आणि दोघांना पुढची पाच पानं शेजारी शेजारी चालायचंय.

त्यानंतर लगेच कुलूप येतं, वस्तादचं स्वतःचं. हे कुलूप कसं असावं? यासाठी खरा इतिहास फार मदत करतो. १८१८ मध्ये इंग्लंडात जेरेमाया चब याने असं कुलूप काढलं की कोणी चुकीच्या किल्लीने किंवा तारेने खटपट केली तर आतला एक भाग अडकून बसायचा आणि कुलूप जाम व्हायचं, मग मालकाने आपली किल्ली लावली की त्याला कळायचं की कोणीतरी हात घालून गेलंय. म्हंजे चुगली करणारं कुलूप. १८५१ च्या लंडनच्या मोठ्या प्रदर्शनाच्या वेळी हॉब्ज नावाच्या अमेरिकन कुलूपवाल्याने ते उघडून दाखवलं, आणि त्याच दौऱ्यात ब्रामाचं कुलूपही उघडलं, ज्यावर कित्येक वर्षं 'उघडून दाखवा' अशी आव्हानाची पाटी होती. ब्रामाच्या कुलपाला एकूण ५१ तास लागले, तेही बऱ्याच दिवसांत विभागून. हे मी माहिती म्हणून नाही सांगत, ताण कुठून येतो ते बघा. नुसतं 'अवघड कुलूप' याला काही ताण नसतो. 'एक चूक झाली तर उद्या सकाळी मालकाला कळणार' यात आहे, आणि 'हे फोडलं तर माझ्या आयुष्याचं काम मोडलं' यात तर फारच आहे. वस्तादला उघडता येत नाही कारण बोटं. रेवाला येईल, पण गुरूच्या कुलपाला हरवून. तो हत्यार तिच्या तळहातावर टेकवतो.

तिसरा अडथळा सोनूचा, तो जादूच्या भागात घेतो. चौथा म्हंजे तळघर, पूर्ण काळोखाचं. दिवा लावला तर हजारो सावल्या जाग्या होऊन भिंतींवर उसळतात आणि वरच्या पहाऱ्याला कळतं. दिवा नाही लावला तर हजारोंत एक बाटली शोधायची कशी? फक्त दाजी सांगू शकतो, कुठली रांग, कितवी बाटली, कारण नोंद त्याने केली होती. पण तसं सांगितलं की त्याला हे कसं माहीत, हा प्रश्न आलाच, आणि शेजारी सोनू उभा. बघा, अंधाराची खोली साधीच आहे, जादूसुद्धा फार नाही तिच्यात, पण ती फक्त याच पाच जणांसाठी भयंकर आहे. दुसरी कुठली टोळी असती तर खांदे उडवून गेली असती.

जादूला बिल लावा

जादूचे नियम लिहायचे तर लोक वही भरून लिहितात. तीन ओळी पुरतात, काय होतं, काय होत नाही, आणि बदल्यात काय जातं. या तिन्ही गोष्टी पुस्तकाच्या पहिल्या पाव भागात वाचकाला दिसल्या पाहिजेत, तळघरात पोचल्यावर अचानक 'अरे हो, मला हेही येतं' असं झालं की खेळ खलास, लोक विश्वास ठेवायचे थांबतात. सोनू काळजाचे शंभर ठोके पडेपर्यंत आवाज गिळू शकतो. स्वतःच्या टोळीचाही आवाज जातो, म्हंजे त्या वेळात कोणी कोणाला सावध करू शकत नाही. आणि दर वेळी तो एका माणसाचा आवाज कायमचा विसरतो, कोणाचा ते त्याच्या हातात नाही, पण ज्याचा आवाज त्याने शेवटचा ऐकला असेल त्याचा जायची शक्यता जास्त. पहिल्या छोट्या चोरीत एखाद्या जुन्या शेजाऱ्याचा आवाज जाऊ दे, तो हसण्यावारी नेईल. मोठ्या चोरीत त्याला जादू वापरायचीय आणि आत्ताच आक्का त्याच्याशी काहीतरी बोललीय. आता ही दोघं काय करतात? रेवा मुद्दाम मध्ये घुसून बडबड सुरू करेल का, म्हंजे गेला तर आपला जाईल? मला हा पर्याय आवडतो, पण तुमचं तुम्ही ठरवा.

आणि मालक मूर्ख नाही हे विसरू नका. पेढी शंभर वर्षं चालू असेल तर आवाज गिळणारे चोर तिने आधी पाहिलेले असणार, त्यावर तिने काहीतरी केलं असणार, जमिनीवर पीठ भुरभुरवलं असेल म्हंजे आवाज नाही आला तरी पावलं उमटतील. अदृश्य होणं, भिंतीतून जाणं, एका जागेवरून दुसरीकडे उडी मारणं, असल्या शक्ती तुमच्या जगात असतील तर त्यांची वाट आधीच बंद करा, नाहीतर तिसऱ्या पानावर वाचक विचारेल, मग सरळ आतच का नाही गेले?

शक्य तिथे जादू टाळूनच दार उघडा. साधा उपाय वाचायला जास्त मजा देतो, कारण तो आपल्यालाही सुचला असता असं वाटतं. १९११ मध्ये मोनालिसा पॅरिसच्या लूव्र संग्रहालयातून गेली ती कशी, तर विन्सेन्झो पेरुजा तिथे आधी कामाला होता, कामगारांचा पांढरा अंगरखा घालून सोमवारी, संग्रहालय बंद असताना, चित्र भिंतीवरून काढलं आणि घेऊन गेला. जागा रिकामी दिसत होती, पण फोटो काढायला नेलं असेल असं लोकांना वाटलं, दुसऱ्या दिवसापर्यंत बोंब झाली नाही. त्याहून जुनी गोष्ट ८२८ सालची सांगतात, व्हेनिसच्या व्यापाऱ्यांनी संत मार्कचे अवशेष अलेक्झांड्रियातून पळवले ते डुकराच्या मांसाखाली लपवून, म्हंजे तपासणारे मुस्लिम अधिकारी हात लावणार नाहीत. दोन्हीकडे खरं कुलूप फुटलंय ते समोरच्याच्या डोक्यातलं. तुमच्या पहारेकऱ्याला कशाची किळस आहे, कशाची सवय आहे, कोणाकडे तो बघतच नाही, यावर एक संध्याकाळ घालवा, तेवढ्यात दोन प्रकरणं मिळतील.

प्लॅन वाचकाला सांगायचा का

जुना नियम तुम्हाला माहीत असेल, प्लॅन पूर्ण सांगितला तर तो फसला पाहिजे, आणि जमणार असेल तर आधी सांगू नका. नियम बरोबरच आहे, कारण एकच गोष्ट दोनदा कोण वाचेल. पण त्याचा अर्थ असा नाही की टेबलाभोवती सगळे जमले, आक्का म्हणाली "ऐका", आणि प्रकरण संपलं. दर वेळी हे केलंत तर वाचकाला कळतं की लेखक लपवतोय. मला तरी त्याचा राग येतो.

मधला रस्ता असा की प्लॅन तुकड्यांत वाटा, आणि आक्काने टोळीलाही तुकड्यांतच सांगितलेला असू दे. प्रत्येकाला फक्त स्वतःचा भाग माहीत. आता तुम्ही सोनूच्या नजरेतून लिहिताय तर वाचकाला सोनूएवढंच कळतं, यात लबाडी कसलीच नाही. वर फुकटात एक भांडण मिळतं, आम्हाला सगळं का नाही सांगत, विश्वास नाही का? आणि आक्काचं खरं कारण, की पूर्ण प्लॅन सांगितला तर बाटली कोणाची हे सांगावं लागेल, ते तसंच दडून राहतं. प्लॅन लपवण्याला गोष्टीच्या आतलं कारण मिळालं की मग निवांत.

ज्याच्या डोक्यात शिरून लिहिताय त्याला माहीत असलेली गोष्ट मात्र लपवू नका. आक्का 'मी'पणाने गोष्ट सांगतेय आणि तीनशे पानं तिच्या मनात स्वतःच्या सावलीचा विचारच येत नाही, असं नाही चालत. म्हणून निवेदक निवडताना सगळ्यात जास्त माहिती असलेला माणूस टाळा. आमच्या गोष्टीत सोनू सगळ्यात बरा, रेवा दुसरी. दोघांना आलटून पालटून घेतलं तरी चालेल, पण पाचही जणांची प्रकरणं करू नका, मग लपवायला काही उरतच नाही.

टेहळणीची प्रकरणं लोक फार लांबवतात. नकाशा, पहाऱ्याच्या वेळा, गटारं, छतं. यातलं वाचकाला लागतं फक्त तेवढंच जे नंतर मोडणारे. पहारा दर तासाला बदलतो हे सांगितलंत तर त्या रात्री तो बदललाच नाही पाहिजे. जे ठरल्याप्रमाणेच होणारे ते एका ओळीत उरका.

काय बिघडवायचं

बिघाड बाहेरून आणू नका, किंवा एखादाच आणा. पाऊस आला, राजा अचानक भेटीला आला, यात टोळीबद्दल काही कळत नाही. खऱ्या चोऱ्या बहुतेक माणसांपायी फसतात. २००३ मध्ये बेल्जियममध्ये अँटवर्पच्या हिऱ्यांच्या तिजोरीवर डल्ला पडला, एकावर एक सुरक्षा असताना शंभराहून जास्त पेट्या फोडून लोक बाहेरसुद्धा पडले, आणि सापडले कशाने, तर हायवेच्या कडेला टाकलेल्या कचऱ्याने, ज्यात अर्धवट खाल्लेलं सँडविचपण होतं. कचरा नीट जाळायचं ठरलं होतं म्हणे, पण एकाचा धीर सुटला. तो धीर सुटलेला माणूस म्हंजे तुमचं कॅरेक्टर. तो का घाबरला, त्याला बरोबर कोणी घेतलं, आणि ज्याने घेतलं त्याच्याकडे नंतर बाकीचे कसे बघतात, हे लिहा.

२०१५ ची लंडनची हॅटन गार्डनची चोरीही बघा. बहुतेक जण साठी-सत्तरीचे. सुट्टीच्या पहिल्या रात्री जाड काँक्रीटची भिंत ड्रिलने भोसकली, पण पलीकडचं पेट्यांचं कपाट ढकलायचं यंत्र मोडलं. त्यांच्यातला सगळ्यात मोठा, शहात्तर वर्षांचा, घरी गेला तो परत आलाच नाही. बाकीचे नवीन यंत्र घेऊन एक रात्र सोडून पुन्हा आले. एक रात्र मध्ये, एक माणूस कमी. त्या मधल्या दिवसात ते एकमेकांशी काय बोलले असतील यावर अख्खं प्रकरण लिहून होईल, आणि त्यात एकही कुलूप नसेल.

सगळ्यात कठोर उदाहरण हेरोडोटस या प्राचीन ग्रीक इतिहासकाराने लिहिलंय, इजिप्तच्या राजाच्या खजिन्याचं. कोठार बांधणाऱ्या गवंड्याने भिंतीत एक सुटा दगड ठेवलेला, मरताना तो मुलांना सांगतो, दोघं भाऊ पुन्हा पुन्हा येऊन माल लांबवतात. दाराचं सील शाबूत आणि माल कमी, म्हणून राजा आत सापळा लावतो. एक भाऊ अडकतो. तो दुसऱ्याला म्हणतो, माझं डोकं कापून घेऊन जा, म्हंजे माझी ओळख पटून तूही मरणार नाहीस. दुसरा तसं करतो आणि दगड परत जागेवर बसवून घरी जातो. अडीच हजार वर्षं होत आली या गोष्टीला आणि अजून अंगावर काटा येतो, कारण सापळ्याने फक्त माणूस धरलाय, पुढचं सगळं भावांमधलं आहे. तुमच्या मधल्या मोठ्या बिघाडाला हीच चाचणी लावा. तिथे कोणीतरी कोणासाठी असा निर्णय घेतला पाहिजे की जो मागे घेता येणार नाही.

आमच्याकडे तो क्षण तळघरात येतो. दाजी रांग आणि आकडा सांगतो, सोनू विचारतो तुम्हाला कसं माहीत, दाजी गप्प बसतो. सोनूचा धीर सुटतो आणि तो दिवा लावतो. हातातल्या बाटलीतून भिंतीवर आक्का उभी राहते, तरुण, कडेवर लहान मूल घेतलेली, कारण सावली त्या दिवशी तशीच पडली होती. वर पहारा जागा झालाय, बाकीच्या हजार सावल्या उसळतायत, आणि पोरगं भिंतीकडे बघत उभं आहे. आता त्याला तिथून ओढून न्यायला कोण मागे थांबतं, ते तुम्ही ठरवा, मी दाजीला थांबवला असता.

फितूर ठेवायचा का? ठेवा, पण त्याच्या बाजूने विचार केला की त्याचं बरोबर वाटलं पाहिजे. आणि शत्रू नुसता शिपाई नको, चोरांना आतून ओळखणारा हवा. अठराव्या शतकात लंडनमध्ये जोनाथन वाइल्ड होता, एकीकडे चोर पकडून देणारा म्हणून मिरवायचा, दुसरीकडे स्वतःच चोरांच्या टोळ्या चालवायचा, चोरीचा माल मालकाला परत देऊन बक्षीस घ्यायचा आणि जो चोर ऐकणार नाही त्याला फासावर चढवायचा. १७२५ मध्ये त्यालाच फाशी झाली. असा माणूस दाजीकडे येऊन म्हणाला, तू फक्त रात्र कुठली ते सांग, बाकीच्या चौघांना मी सोडतो, तर दाजीने काय करावं?

पळणं आणि वाटप

पळण्याचा भाग लहान ठेवा, चोरीच्या निम्म्याहून कमी. आत जाताना सगळे एकत्र होते तर बाहेर पडताना त्यांना वेगवेगळे करा, ज्यांचं एकमेकांशी पटत नाही त्या जोड्या बनवा, वस्ताद आणि रेवा एका गटारात तासभर अडकले तर तराजूसमोरचं ते वाक्य काढावंच लागेल कोणाला तरी.

वाटपाचा सीन बरेच जण विसरतात किंवा एका पॅराग्राफात गुंडाळतात, खरं तर पहिल्या छोट्या चोरीतल्या भांडणाचा हिशोब इथे पुरा होतो. आमच्याकडे तर वाटायला काहीच नाही, एकच बाटली, आणि ती एकीची. चौघांनी जीव धोक्यात घातला आणि त्यांना मिळालं काय? इथे एकाने तरी खरोखर चिडलं पाहिजे. सगळे डोळे पुसत मिठ्या मारतायत असं केलंत तर आधीची सगळी मेहनत पाण्यात. वस्तादने चिडावं असं माझं मत आहे, त्याचं कुलूप गेलंय, बोटं गेलीत आणि त्याला कोणी विचारलं पण नव्हतं.

लिहायच्या क्रमाबद्दल एवढंच की मी शेवटून मागे येतो. आधी तळघर, मग वाटप, मग त्या दोन सीनला जे जे लागतं ते पहिल्या पाव भागात पेरतो, हत्यार तळहातावर टेकवणं, उजेडाचा नियम, अगं-तुगं, पहिल्यांदा विसरलेला आवाज. मधलं त्यानंतर भरतं. पहिला ड्राफ्ट झाला की सगळे संवाद वेगळ्या फाइलमध्ये काढा, बोलणाऱ्यांची नावं पुसा आणि दोन-तीन दिवसांनी वाचा. कोण बोलतंय हे ओळखू येत नसेल तिथे माणूस अजून झालेला नाही, परत जोड्यांच्या कागदाकडे जा. मग दुसऱ्या कोणाला तरी तळघराच्या आधीपर्यंतची पानं वाचायला द्या आणि तिजोरीबद्दल एक शब्द विचारू नका, फक्त विचारा की या पाचातलं कोण कोणाला मागे सोडून जाईल असं वाटतं. चटकन एकच नाव आलं तर ते बदला, दोन नावं घेऊन तो अडखळला तर पुढचं लिहायला घ्या.